केरबा पैलवानांची मूत्रपिंडे आणि उलटे सेरीन

श्री आरोग्यलक्ष्मी प्रसन्न. शके १९४१, विकारी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी राज्यात जे वर्तमान जाहले, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे.

राज्यात केरबा पैलवान थोर मल्ल होते. त्यांची पाठ कोणी मातीस लाविली नव्हती. ऐशास एके दिवशी तालमीत जोर काढिता काढिता बसले ते उठवेना, आणि पाहतात तो पाय सुजलेले आणि लघवीस फेस. राजवैद्यांनी नाडी पाहून सांगितले की मेहनत अति जाहली, कुस्ती कायमची सोडावी. हे ऐकून केरबा भिंतीकडे तोंड करून निजले. मग प्रयोगशाळेच्या मंदाकिनीबाई ढवळीकर, ज्यांनी मूत्रपिंडाच्या अभ्यासात वीस वर्षे घालविली, त्या समाचारास आल्या आणि पुसत्या जाहल्या, "खाणे काय असते?" केरबा बोलिले, "दूध, बदाम, तूप. आणि तीन महिने झाले, प्रधानपंतांचे बळचूर्ण. तालमीतले आम्ही अठराही मल्ल घेतो." मग बाईंनी चूर्ण नेले आणि त्यातील द्रव्ये वेगळाली केली, आणि काचेच्या बशांत मूत्रपिंडाच्या पेशी वाढवून प्रत्येकीत एकेक द्रव्य घातले. सर्व बशा सुखरूप राहिल्या आणि एकीतील पेशी मात्र मेल्या. तीत सेरीन नामे अमिनो आम्ल होते.

मग महाराजांच्या हुजुरांत सभा भरली. चूर्णाचा कारखाना विसाजीपंत प्रधानांनी उभारिला होता, ते बोलिले, "सेरीन दुधातही आहे. बाई, आपण अन्नास विष म्हणता?"

बाई बोलिल्या, "दुधातले सरळ घडणीचे, पंत. चूर्णातले उलट घडणीचे, उजव्या हातमोज्यास डावा असावा तैसे. मूत्रपिंडाच्या पेशीतले एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यास तोडते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निपजते, केस भुरे करावयास लावतात तेच. ते साठले म्हणजे पेशी आतून पोळते. या दुसऱ्या बशीत ते विकर आधी बंद पाडिले आणि मग हेच सेरीन घातले. पेशी जिवंत आहेत, पाहावे."

महाराजांनी स्वतः सूक्ष्मदर्शकास डोळा लाविला आणि पुसले, "माणसातही ऐसेच होते?"

"बशीत निश्चित. माणसाचे आज सांगवत नाही. चूर्ण थांबवावे आणि घेणाऱ्या सर्वांची लघवी तपासावी."

पंत रागे भरले. "मीही रोज घेतो. माझी आधी तपासा."

तपासिली, तो केरबांप्रमाणे तीतही प्रथिने उतरलेली. पंतांनी कागद दोनदा वाचिला आणि मग कमरेची किल्ली सोडून बाईंच्या हाती दिली आणि बोलिले, "कारखान्यास आजच कुलूप घालावे. चूक माझी."

मग बाकीचे मल्लही तपासिले, त्यांसही तोच दोष निघाला. चूर्ण बंद जाहले आणि पंधरा दिवसांत सर्वांचा फेस गेला, महिन्यात सूज उतरली, आणि सतरा मल्ल व पंतही निरोगी ठरले. केरबांस मात्र बाईंनी सहा महिने थांबविले आणि दर आठवड्यास तपासिले. मग ज्येष्ठात आखाड्यात उतरून त्यांनी परमुलखीचा मल्ल अकराव्या मिनिटास चीत केला. लोकांनी त्यांस खांद्यावर घेतले, तो ते बोलिले, "मला उतरवा. बाई कोठे बसल्यात?" आणि मातीने माखल्या हातांनी बक्षिसाचे पागोटे त्यांच्या पायाशी ठेविले. बाई हसून बोलिल्या, "सोमवारी तपासणीस यावे. चुकवू नये."

सारांश, एका अमिनो आम्लाने राज्याचे मल्ल पाडिले होते, ते एका विदुषीने उभे केले. राजवैद्य आता आधी खाणे पुसतात. इति लेखनसीमा.