टॉवेलाखालचं मांजर

आमच्या चारठाण्यात कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवणारा माणूस एकच, देविदास गुरुजी. दारात कुणी दिसलं की आधी स्क्रीन झाकायचे, मग "या" म्हणायचे.

"नजर लागते का गुरुजी?" मी एकदा विचारलं.

"नजर न्हाई रं सुधाकर, पेन ड्राइव्ह लागतो."

गुरुजी शाळेत चित्रकला शिकवायचे. मी त्यांचाच विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर माउस धरायला शिकले आणि कॉम्प्युटरचा तोंडवळाच बदलून टाकला. फोल्डरच्या जागी सुपं, कचरापेटीच्या जागी उकिरडा, सगळं हातानं काढलेलं. वॉलपेपरवर मात्र टीव्हीवरच्या कार्टूनमधलं मांजर, आमच्या जुन्या देवळाच्या पायरीवर ऊन खात बसलेलं.

मांजर कंपनीच्या मालकीचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. "मांजर त्यायचं, पायरी गावाची, रेघ माझी. मग चित्र कोनाचं?" असं विचारायचे आणि उत्तराआधीच संशयानं बघायचे. जीपमधून शर्ट इन केलेला कुणी अनोळखी माणूस उतरला, की घरी येऊन वॉलपेपर निळाकोरा करायचे. "कंपनीचा असंल." तो बहुधा बियाणंवाला निघायचा.

आता माझं सांगतो. माझं फ्लेक्सचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी गुरुजींचा कॉम्प्युटर दुरुस्त करताना मी ते चित्र उचललं. मांजर त्यांचं तरी कुठं आहे, अशी मनाची समजूत घातली. खाली त्यांची सही होती, म्हणून खालची पट्टीच कापली आणि चित्र वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर लावलं.

गुरुजी तडक दुकानात आले. "नेटवर सापडलं," मी थाप मारली. त्यांना ती पटली, हेच वाईट झालं.

"म्हंजी घरातूनच कोनीतरी नेटवर टाकलं. हुडक रं. तुझ्यावर भरवसा हाय."

मी तीन वर्षं त्यांच्याबरोबर चोर शोधत होतो. वायरमन झाला, पोस्टमन झाला, शेवटी संशय जावयावर येऊन थांबला. लेकीशी बोलणं बंद.

गेल्या आठवड्यात म्हणाले, "दिवाळीलाबी बोलावनार न्हाई त्यायला."

तेव्हा मात्र राहवलं नाही. "गुरुजी, चोर मी हाय."

 ते उठले, स्क्रीनवरचा टॉवेल काढला आणि मांडीवर घेऊन बसले. चित्रात पायरीच्या खाली, सहीशेजारी, बायकांच्या चपलांचा एक जोड होता. एकीचा अंगठा शिवलेला. कापताना मी नीट पाहिलंही नव्हतं.

"ते मांजर टीव्हीवर लागलं की तुझी काकू पोट धरून हसायची. देवळात गेली की चपला तिथंच सोडायची." काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. "नाव कापलंस, जाऊ दे. तिच्या चपला कशाला कापल्यास रं?"



त्यांनी फोन काढला, लेकीचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"तूच बोल. माज्यानं व्हायचं न्हाई."

पलीकडं फोन वाजत होता. टॉवेल त्यांच्या मांडीवरच होता.