शंभर टक्के बनावट

सिंगापुरातल्या सेंगकांगचे आमचे शेजारी चौबळ खिशात लोहचुंबक घेऊन फिरतात. चीनच्या बादशाही काळातलं, ड्रॅगनवालं चांदीचं नाणं कुठं विकायला दिसलं की त्याला चुंबक टेकवतात. चांदी चुंबकाला चिकटत नाही. नाणं चिकटलं, की चौबळांचा चेहरा खुलतो. "शंभर टक्के बनावट," म्हणतात आणि विकत घेतात.

होय, ते नकलाच जमवतात. चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, ही त्यांची नोकरी. "खऱ्यात बघायचं काय, कर्वे? ते बरोबरच असतं." एका नकलेवरचा ड्रॅगन चक्क हसतोय. तो त्यांनी मला तीनदा दाखवलाय, एकदा तर जेवताना.

गेल्या महिन्यात मला पाया लेबारच्या एका नाण्यांच्या दुकानात ओढून नेलं. तिथं दाराशी नकलांचा ट्रे असतो. त्यातलं एक त्यांनी घाईघाईत पैसे देऊन घेतलं आणि मग चुंबक टेकवला. चिकटेना.

"पितळ असेल," मी धीर दिला.

म्हाताऱ्या चिनी दुकानदारानं भिंगातून पाहिलं, वजन केलं आणि कपाळाला हात लावला. चुकून भलतं नाणं ट्रेमध्ये पडलं होतं. "माय फ्रेंड, यू व्हेरी लकी. धिस वन रिअल, लाह."

चौबळ मटकन स्टुलावर बसले. "कर्वे, हे घरी जाता कामा नये." मग दुकानदाराला म्हणाले, "प्लीज चेंज. आय वॉन्ट फेक."

अशी तक्रार त्यानं जन्मात ऐकली नसावी. त्याला यात काहीतरी डाव दिसला. त्यानं नाणं आणखी दोनदा तोललं, चौबळांनाही आपादमस्तक न्याहाळलं आणि शेवटी बदल्यात दोन नकला दिल्या.

परतीच्या एमआरटी ट्रेनमध्ये मी धुसफुसत होतो. "चालून आलेली लक्ष्मी परत केलीत तुम्ही."

चौबळ हातातल्या नकलांकडे बघत म्हणाले, "इथं आलो त्या वर्षी हिनं माझ्या वाढदिवसाला एक नाणं आणलं. स्वतःची हौसमौज मारून, साठवून. खरं समजून आणलं हो. नकली निघालं, तर दोन दिवस जेवली नाही. मग मी म्हटलं, अगं, मला नकलीच जमवायची होती."

"मग?"

"मग काय, जमवावी लागली. बारा वर्षं झाली. आता एक जरी खरं घरी नेलं, तर तिला कळेल की तेव्हा मी थाप मारली होती."

मला माझीच लाज वाटली. सेंगकांग येईपर्यंत मी त्या दोन नकलांचं तोंड भरून कौतुक करत राहिलो.