चंद्रकला सिस्टरची पालक

बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये म्हणतात. आमच्या शेजारच्या चंद्रकला सिस्टर दोघांनाही दोन्ही विचारतात, आणि तेसुद्धा जिना चढता चढता. गंगापूर रोडच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून आमचं कपाट उतरत होतं, मी घामाघूम, आणि पांढऱ्या साडीतल्या या बाई कपाटाला एक हात देत म्हणाल्या, "नोकरी कुठं?"

"शाळेत. गणित शिकवते."

"पगार?"

"बरा आहे," मी ओठ आवळून म्हणाले.

"बरा म्हंजे कमीच. जास्त असता तर आकडा सांगितला असता," असं म्हणून त्या वर निघूनही गेल्या.

मला असा संताप आला म्हणून सांगू! हिच्याशी जन्मात बोलायचं नाही असं मी ठरवलं. संध्याकाळी दार वाजलं. बाई गरम पिठलं-भाकरी घेऊन उभ्या. "राग आला ना ताई? येऊ द्या. पण नव्या घरात पहिल्या दिवशी चूल पेटत नाय, हे मला ठाऊक हाय." पिठलं इतकं झकास होतं की माझा निश्चय तिसऱ्या घासाला मोडला.

सिस्टर मूळच्या वणीजवळच्या एका खेड्यातल्या. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा गेला. सासरी राहवेना, म्हणून माहेरी आल्या आणि दोन वर्षांचा एएनएमचा नर्सिंग कोर्स करून नाशिकला एका प्रसूतिगृहात लागल्या. तिथं त्यांची वीस वर्षं गेली. आमच्या परिसरातली अर्धी पोरं त्यांनी पहिल्यांदा उचलली आहेत. रस्त्यात एखादा मिशा फुटलेला पोरगा दिसला की त्या सगळ्यांसमोर सांगतात, "हा? हा पायाळू! लय दमवलं यानं." पोरगा बिचारा तोंड लपवत पळतो.

पण त्यांचा खरा छंद म्हणजे बारावी झालेल्या मुली. लग्नाच्या पंगतीत असो की भाजीबाजारात, अशी मुलगी दिसली की सिस्टरनी तिला बाजूला घेतलीच म्हणून समजा. नर्सिंगला जा, एवढं सांगून त्यांचं भागत नाही. कोणत्या कोर्सला गेलं की कुठं पोचतं, याचा त्यांचा हिशेब पक्का आहे.

"हे बघ पोरी, एएनएम म्हंजे नाशिक-सिन्नरचं तिकीट. दोन वर्षांत बसतीस, पण सिन्नरला उतरावंच लागतं. जीएनएम तीन वर्षं, त्याचं तिकीट पुण्या-मुंबईपर्यंत. आन् चार वर्षं काढून बीएस्सी केलंस तर विमानातसुद्धा बसशील."

"आणि तुम्ही कुठलं तिकीट काढलं?" मी एकदा चिडवलं.

"मी सिन्नरलाच उतरले ना, ताई," त्या हसून म्हणाल्या. "तेव्हा पुढची गाडी असते हेच कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तर सांगत फिरते."

त्यांच्या सांगण्यावरून गेलेल्या मुली आज कुठं कुठं आहेत. एक मस्कतला आहे, दोघी पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात. त्यांचे पगार सिस्टरना तोंडपाठ. स्वतःच्या पगाराबद्दल मात्र एवढंच म्हणायच्या, "भागतं."

मग तीन वर्षांपूर्वी ते खुर्चीचं प्रकरण झालं. त्यांच्या प्रसूतिगृहात लेबर रूमच्या इनचार्जची जागा निघाली. सगळ्यांना वाटलं, आता काय, चंद्रकला सिस्टरच! पण तिथल्या मालकीण डॉक्टरीणबाईंनी जागा दिली चोवीस वर्षांच्या एका जीएनएम मुलीला. तिला सलाईन लावायला सिस्टरनीच शिकवलेलं. पगारही सिस्टरच्या जवळजवळ दीडपट. मला ऐकून सिस्टरपेक्षा जास्त चीड आली. म्हटलं, "सोडा ती नोकरी! त्या पोरीला लाज नाही वाटली?"

"तिला कशाला नावं ठेवता? माझ्या गळ्यात पडून रडली ती. तिनं तीन वर्षं घासलीत, कागद तिच्याकडं हाय. माझ्याकडं नुसते हात." चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईला मी सरळ विचारलं. ती म्हटली, नियम आहे, मी काय करू? तू जीएनएम होऊन ये, तीन वर्षांत वरचा मजला होतोय, तिथली खुर्ची तुझी."

"मग?"

"मग काय. फॉर्म भरला."

मी उडालेच. सिस्टर तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या. पण चौकशी करून आल्या होत्या, एएनएम झालेल्या बाईला जीएनएमला वयाची अट नसते. पूर्ण वेळची नोकरी सोडायची, साठवलेला फंड फीला घालायचा, सकाळ-संध्याकाळ घरोघरी इंजेक्शनं देऊन पोट भरायचं आणि मधल्या वेळात अठरा वर्षांच्या मुलींच्या बाकावर बसायचं. नापास झाल्या तर फंडही गेला आणि खुर्चीही गेली. वणीच्या भावानं फोनवर सांगितलं, "अक्का, या वयात दप्तर घेशील? लोकं तोंडावर हसतील." त्यानंतर सिस्टरनी त्याच्याजवळ हा विषयच काढला नाही.

आणि इथं मी अडकले. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही लागत होती. सिस्टरनी कारकुनाला समजावलं की माझे आई-बाप देवाघरी गेले, मीच कुणाचीतरी आजी शोभेन. कारकून म्हणाला, "रकाना रिकामा चालत नाही." झालं! रकाना भरायला त्या फॉर्म घेऊन माझ्या दारात. मी त्यांच्यापेक्षा चांगली नऊ वर्षांनी लहान. पण सही केली. 'पाल्याशी नाते' इथं काय लिहायचं यावर आमचं बराच वेळ वाजलं आणि शेवटी मी 'शेजारीण' लिहिलं.

मला वाटलं, सुटले. कसली सुटते! दुसऱ्या महिन्यात पालकसभेचं बोलावणं आलं. आयुष्यभर मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पालकांना झापलेलं. आता या बाजूला बसले, शेजारी माझी पाल्य, निळ्या-पांढऱ्या गणवेशात, केसांना जाळी लावून, मान खाली घालून. समोर तिशीतल्या मॅडम.

"चंद्रकला वर्गात फार बोलते," मॅडम म्हणाल्या. "मी शिकवत असताना मागच्या मुलींना वेगळंच शिकवते. आणि हा पेपर बघा."

प्रश्न होता, कळा सुरू झालेली बाई दाखल झाल्यावर पहिली कृती कोणती? माझ्या पाल्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, 'फर्स्ट, सेंड मदर-इन-लॉ आऊट ऑफ रूम.' खाली लाल शाईत भोपळा.

मी हसू दाबून, शक्य तितक्या कडक आवाजात म्हणाले, "सिस्टर, हे काय?"

"खोटं हाय का?" पाल्य पुटपुटली. "सासू आत असली की ती बाई कळ दाबून धरते. वीस वर्षं बघितलंय. नाडी, बीपी ते सगळं नंतर."

मॅडमनी आधी पेपराकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. "मार्क देता येणार नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण माझ्या वेळी तुम्ही तिथं असतात तर बरं झालं असतं." घरी येताना रिक्षात आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

हातांना सगळं येत होतं, पण ते इंग्रजी पुस्तकातल्या शब्दांत उतरवायचं म्हणजे सिस्टरना घाम फुटे. पहिल्या वर्षी एका विषयात गचकल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या कुणाला पगार न विचारता जिना चढल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला माझी बेल. "ताई, तुम्ही मास्तरीण ना? मग घ्या शिकवणी." तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटायची आणि त्या ओट्याला टेकून हाडांची नावं घडाघडा म्हणायच्या. वर्गातल्या मुली संध्याकाळी त्यांच्याकडे शीर शोधायला शिकायला येत आणि बदल्यात त्यांच्या इंग्रजी वह्या तपासून देत. शीर सापडली नाही तर सिस्टर स्वतःचा हात पुढे करत. त्या परीक्षेच्या महिन्यात त्यांच्या हातावर जागा शिल्लक नव्हती.

अडलेला विषय सुटला. दुसरं वर्ष निघालं. आणि या वर्षी शेवटचा निकाल लागला. पहिल्या वर्गात पास! मी शाळेत तास चालू असताना फोन घेतला, आणि नववीच्या पोरांसमोर ओरडले, "माझी पाल्य पास झाली!" पोरांनी काही न समजता टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला. वरचा मजला, इनचार्ज, चंद्रकला सिस्टर. सांगताना माझीच छाती फुगते.

कॉलेजात निरोपाचा समारंभ होता. तिथली पद्धत अशी की मुलीचं नाव पुकारलं की पालकानं मंचावर येऊन तिच्या गणवेशाला बिल्ला लावायचा. कुणाचे वडील शेतातून तसेच आलेले, कुणाची आई नव्या साडीत. बिल्ला लागला की मुलगी वाकून नमस्कार करायची आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायचं.

सिस्टरचं नाव आलं. टाळ्या सगळ्यांत जोरात. मी बिल्ला लावला आणि निघणार, तोच सिस्टर वाकल्या. मी घाबरून त्यांचे खांदे धरले. "अहो सिस्टर, काय करताय? नऊ वर्षांनी लहान आहे मी!"

त्या वाकलेल्याच राहिल्या. माईक लांब होता, फक्त मलाच ऐकू आलं. "पडू द्या ताई. सगळ्या पोरी आईबापाच्या पाया पडल्या. मला पास झाल्यावर पाया पडायला घरात कुणी नाय हो."

मी खांदे सोडले. पन्नाशीच्या त्या बाईच्या पिकलेल्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाले, "मोठी हो, बाळा."