ध्रुवाजवळचे सात ठिपके

वेधशाळेतल्या मॅडम अकराच्या एसटीनं यायच्या होत्या, आणि साडेदहाला प्रभू गुरुजींच्या लक्षात आलं की तक्त्यावर सूर्याचे डाग वाढलेत.

सिद्धेश्वरजवळच्या तांड्यावरच्या शाळेत गुरुजी सतरा वर्षं दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडत, डाग मोजत आणि भिंतीवरच्या तक्त्यावर ठिपके देत. आडवी वर्षं, उभे अक्षांश. नोंदींच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, तक्ता तेवढा उरला. डाग हळूहळू सूर्याच्या विषुववृत्ताकडं सरकतात आणि अकराएक वर्षांत तक्त्यावर फुलपाखरू उमटतं, हे जगाला ठाऊक आहे. पण गुरुजींच्या तक्त्यात पार ध्रुवाजवळ सात ठिपके होते. तिथं डाग आजवर कुणीच पाहिलेला नाही. त्या सातांवर गुरुजींनी पत्र धाडलं, म्हणून तर मॅडम निघाल्या होत्या.

"रूपाबाई! तक्त्याला हात कुणी लावला?"

खिचडी शिजवणाऱ्या रूपाबाई बाहेर आल्या. "मीच घरी नेला व्हता शनवारी. माझ्या लेकीच्या, शिलाच्या ओढणीवर भरायला नक्षी पाह्यजे व्हती."

"अन् हे जादा ठिपके?"

"खालचा पंख बारका व्हता, गुर्जी. दुसरं फुलपाखरू तर अर्ध्यातच सोडलेलं. तुमचाच पेन घेतला, केलं बराबर. काहून, चुकलं का?"

"अवं, दोन हजार आठपर्यंत भरलं तुमी! आता कुठं दोन हजार चार चालू हाय!"

"मंग तेवढं तुमचं काम वाचलं की!"

गुरुजी मटकन तांदळाच्या पोत्यावर बसले. सतरा वर्षांची माती झाली होती. मॅडम आल्या तेव्हा त्यांनी दारातच सगळं सांगून टाकलं.

"यातले खरे कुठले, बाईंचे कुठले?" मॅडमनी विचारलं.

"कसं सांगू? शाई एकच हाय."

"एवढं तोंड पाडून काहून बसले?" रूपाबाईंना आता रागच आला. "माझे वळखू येतेत. आधी तुमच्या ठिपक्याईला सुईनं टोचलं, वरून कोळशाची पूड मारली, कपड्यावर नक्षी उठवली. तवा ती लंगडी दिसली, मंग कागदावर बी माझे ठिपके टाकले. त्याईला भोक न्हाई."

मॅडमनी तक्ता खिडकीतल्या उन्हाकडं धरला. गुरुजींचा एकेक ठिपका लखलखला.

"वा! सगळा माल शाबूत आहे!" मॅडम म्हणाल्या. गुरुजींचे डोळे भरून आले.

"आता ते सात बघू," मॅडम पुढं म्हणाल्या. " आमच्याकडं क्रोमोस्फिअरचे, म्हणजे सूर्याच्या वरच्या थराचे, रोजचे फोटो आहेत. त्यात त्या दिवसांत ध्रुवाकडं सगळं शांत दिसतं. म्हणून तर ते पडताळायला मी आले."

तक्त्याचा वरचा कोपरा उन्हात आला. सातही ठिपके काळेच.

"हे बी तुमचेच का?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई बा. हे आधीचेच."

"मंग टोचले काहून न्हाई?"

रूपाबाईंनी मॅडमकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाल्या, "माशीची घाण हाय ती, गुर्जी. लेकीच्या ओढणीवर कोन भरंल?"