धबधब्यावर हरवलेलं शेपूट

दुर्बीण स्वतःबद्दल सांगायला लागले, की ऐकणाऱ्याने आधी बसायला जागा शोधावी. "नजर हा माझा धंदा आहे," इथून सुरुवात व्हायची. हे तसं खरंच होतं, कारण त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढचं वाक्य असायचं, "आणि तपास हा माझा धर्म." तिथून पुढे खरं-खोटं ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर ठरवायचं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की ते कुठून आलं, काय खाऊन आलं आणि घरी कोणाशी भांडून आलं, हे त्यांना तिथल्या तिथे कळायचं. चष्म्याचा नंबर मात्र दोनदा तपासावा लागायचा. अशा बुद्धीचा सरकारने वेळीच उपयोग करून घेतला नाही, ही सरकारची चूक. आणि मोठे गुन्हेगार आपल्या भागात फिरकत नाहीत, ते उघडच त्यांच्या धाकाने.

गळ्यात कायम दुर्बीण लटकलेली असायची, म्हणून सगळे त्यांना दुर्बीण म्हणायचे. त्यांना ती पदवी वाटायची.

या पदवीधराची बायको लग्न झाल्यापासून त्यांची सहायक होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. गल्लीतली एक सायकल नाहीशी झाली तेव्हा दुर्बिणींनी आठवडाभर तपास करून दूधवाल्याचं नाव जाहीर केलं. सायकल मालकानेच दुरुस्तीला टाकली होती. दुर्बिणींच्या लेखी ते प्रकरण सुटलेलं होतं. दूधवाला मात्र जो सुटला तो कायमचाच, आणि तिला अजून दूध आणायला चौकापर्यंत जावं लागतं.

रविवारी डोंगरावरच्या धबधब्याला जायची टूम तिनेच काढली, पण त्याचा तपासाशी काही संबंध नव्हता. तिचा मोठा भाऊ शिंपी होता. वहिनी उन्हाळ्याच्या आधी गेली. तेव्हापासून दादा दुकानात जायचा, शिवायचा, घरी यायचा आणि खुर्चीत बसायचा. रडणं नाही, बोलणं नाही. कसा आहेस विचारलं तर म्हणायचा, "बरं आहे की." त्या "बरं आहे की"ची तिला धास्ती बसली होती. जवळच्या व्यायामशाळेचा मास्तर सुट्टीच्या दिवशी लोकांना डोंगरावर न्यायचा. तिने तिघांची नावं देऊन टाकली आणि दादाला आदल्या दिवशी संध्याकाळी कळवलं.

मास्तर शिस्तीचा माणूस. बस डोंगराच्या पायथ्याशी थांबताच त्याने तिथल्या दुकानातून सगळ्यांना पिवळे रेनकोट घ्यायला लावले. मग शिट्टी वाजवली.

"सगळ्यात पुढे मी. सगळ्यात मागे एक जण, तो आपलं शेपूट. शेपटाच्या मागे आपलं कोणीही राहता कामा नये. पुढचा थांबला की शेपूट थांबणार. काही झालं तरी शेपटाने पुढच्याला ओलांडायचं नाही. कोण होतंय?"

दुर्बीण पुढे सरसावले. "पाठीमागून नजर ठेवायला माझ्यासारखा माणूस..."

"तुम्ही नको काका. तुम्ही प्रत्येक झाडाची चौकशी करता." मास्तरने दादाकडे बोट केलं. "तुम्ही व्हा. बोलणं नाही, घाई नाही. एकदम झकास शेपूट."

"बरं आहे की," दादा म्हणाला.

धबधब्यावर ही गर्दी. शहरातल्या गोंगाटाला कंटाळून माणसं शांतता शोधायला येतात आणि ती सापडलीच तर काय करायचं, या भीतीने बरोबर स्पीकर आणतात. पाण्याकडे पाठ करून सगळे पाण्याचे फोटो काढत होते. दादा एकटाच कठड्याला धरून खाली बघत उभा होता. ती जवळ गेली.

"खाली किती खोल असेल गं, छोटे?" त्याने विचारलं.

"का रे?"

"काही नाही. सहज."

तिला ते सहज वाटलं नाही. पण तेवढ्यात डोळ्यांना दुर्बीण लावून चालणारे तिचे यजमान एका खडकावरून घसरले आणि तिला तिकडे धावावं लागलं. पाय मुरगळला होता; कोणीतरी टेकायला एक काठी दिली. मग मास्तरची शिट्टी झाली, घाईघाईने सगळ्यांचा एक फोटो निघाला, आणि मंडळी जवळच्या पायवाटेने खाली उतरली. नवऱ्याला खांदा देत उतरताना तिला मागे वळून बघायला जमलं नाही.

बसपाशी सगळे आले. शेपूट आलं नाही.

पाच मिनिटं वाट पाहून मास्तर पळतच पुन्हा वर गेला. दादाचा फोन भिजू नये म्हणून बसमधल्या पिशवीत ठेवलेला होता, तो तिथेच वाजला. थोड्या वेळाने मास्तरचा फोन आला. "काकू, वाटेत कोणी नाही. धबधब्यापाशीही नाही. मी जरा खालच्या बाजूला बघतो."

खालच्या बाजूला म्हणजे पाण्याच्या बाजूला. 

"घाबरू नकोस," दुर्बीण म्हणाले. "मी आहे."

याने घाबरायचं थांबलेलं माणूस तिने अजून पाहिलं नव्हतं.

ते लंगडत वाटेच्या तोंडाशी गेले, चिखलाशी वाकले आणि मोठ्यांदा म्हणाले, "अहा! ठसा बघ. माणूस वजनदार. डाव्या पायाने अधू. आणि हे टोक खुपसलंय बघ, हातात काठी, म्हणजे शस्त्र. दादाला पळवून नेणारा इथूनच गेला."

"अहो, डावा पाय कोणाचा मुरगळलाय?"

दुर्बिणींनी हातातल्या काठीकडे पाहिलं, मग बुटाकडे, मग आभाळाकडे. "तपास भरकटवण्यासाठी तो माझ्याच मापाचे बूट घालून आला होता," ते म्हणाले. "धूर्त आहे."

दुसरा तर्क तयारच होता. बाजारातल्या दुसऱ्या शिंप्याने दादाला डांबून ठेवलं असणार, म्हणजे लग्नसराईची सगळी शिलाई त्याच्याकडे जाईल.

"तो शिंपी दादाचा शाळेपासूनचा दोस्त आहे. वहिनी गेली तेव्हा त्याने सुतकासारखं दुकान बंद ठेवलं."

"तेच तर! संशय येऊ नये म्हणून!"

मग बसचा चालक संशयित झाला, कारण तो शांतपणे झोपला होता आणि इतक्या आवाजात निष्पाप माणसाला झोप लागत नाही. चालकाने एक डोळा उघडून "काका, पहाटेपासून गाडी चालवतोय" एवढंच सांगितलं आणि डोळा मिटला. त्यानंतर दादाच पळून गेला असा तर्क आला. त्याचं दुसरीकडे एक दुसरं आयुष्य आहे, तिथे त्याला वेगळ्या नावाने ओळखतात, आणि एव्हाना तो एखाद्या ट्रकमध्ये बसून हद्दीबाहेर गेला असेल.

"दादाला बसच्या खिडकीपाशी बसलं तरी मळमळतं, तो ट्रकमध्ये बसून कुठे जाईल?" ती म्हणाली. मग तिच्याने राहवेना. "अहो, त्याने मला विचारलं होतं. खाली किती खोल असेल म्हणून."

  दुर्बिणींनी गळ्यातली दुर्बीण पुसली, पुन्हा पुसली. मग आधीपेक्षा मोठ्या आवाजात बोलायला लागले. "ट्रक नसेल तर टेम्पो. टेम्पो मोकळा असतो, वारा लागतो, मळमळत नाही. तो आता कुठेतरी बसून गरम चहा पीत असणार. मी सांगतो ना!"

तिच्या लक्षात आलं, की यांच्या एकाही तर्कात दादा पाण्याजवळ जात नव्हता. पळवून नेलेला होता, डांबलेला होता, फरार होता, पण प्रत्येक वेळी धडधाकट होता. एवढ्या मूर्ख माणसाचा तिला त्या क्षणी केवढा आधार वाटला, हे तिने त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पाटीवर लिहून दुकानात लावलं असतं.

चहाच्या टपरीवाल्याला त्यांनी दरडावून विचारलं, "पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस पाहिलास?"

"साहेब, दुकानदाराने यंदा एकच रंग भरलाय," टपरीवाला म्हणाला. "डोंगरावर आज झाडं सोडून सगळंच पिवळं आहे."

"बघ, हाही मिळालेला आहे," दुर्बीण तिच्या कानात म्हणाले.

मास्तरने घाईघाईत काढलेला फोटो सगळ्यांच्या फोनवर आला होता. दुर्बिणींनी आपला फोन डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ धरून पाहिला. "कडेला दादा. डोळे बारीक केलेत. कपाळाला आठ्या. हा पश्चात्तापाचा चेहरा. गुन्हा त्याच वेळी ठरला होता."

तिने फोन हिसकावून घेतला. दादा आठ्या घालून समोर बघत होता खरा. लहानपणी सकाळी उठून चष्मा शोधताना तो हेच तोंड करायचा.

"अहो, याच्या डोळ्यावर चष्मा कुठाय?"

"चष्मा?" चष्म्याचा दुकानदार म्हणाला.

सकाळी बसमध्ये चष्मा होता. कठड्याशी होता का? तिला आठवेना. तिने दादाचा चेहरा पाहिलाच नव्हता, नुसता प्रश्न ऐकला होता. आता चष्म्याशिवाय दादाला दहा हातांवरचा माणूस म्हणजे नुसता रंग. आणि आज रंग एकच.

"टपरीवाले भाऊ, वरून यायला दुसरी वाट आहे का?"

"आहे की, पायऱ्यांची. लांबची आहे. वयस्कर लोक तिकडून उतरतात."

"चला," ती नवऱ्याला म्हणाली. "दादा कोणाच्या तरी मागे आहे."

"म्हणजे पाठलाग! मी हेच..."

"अहो, चला!"

पायऱ्या चढताना दुर्बीण दर वळणावर आपला मुरगळलेला पाय आणि त्यामागचं कारस्थान समजावून सांगत होते. ती ऐकत नव्हती. प्रत्येक वळणावर तिला आधी पिवळं काही दिसायचं, मग ते दुसरंच कोणी निघायचं.  आणि मग एका लांबलचक वळणावर, वरच्या अंगाला, दोन पिवळे ठिपके दिसले. पुढचा ठिपका थांबला, मागचाही थांबला. पुढचा बाजूला झाला, मागचा तसाच उभा. दोन्ही ठिपके कितीतरी वेळ तसेच राहिले.

पुढे एक वयस्कर बाई होत्या. मागे दादा.

"हे तुमचे का?" बाईंनी लांबूनच हाक मारून विचारलं. आयुष्यभर शाळेत वर्ग आवरले असावेत असा आवाज. "मग घेऊन जा बाई यांना! धबधब्यापासून माझ्या मागे आहेत. बोलत नाहीत, पुढे जात नाहीत. मी म्हटलं भामटा असेल, जाऊ दे पुढे, म्हणून मी थांबले, तर हेही थांबले. मी बसले, तर हे तसेच उभे! शेवटी मीच विचारलं, काय हवंय? तर म्हणतात, 'तुम्ही व्हा पुढे, घाई नाही.'"

"त्यांना टाकून कसा येणार?" दादा म्हणाला. "मास्तरांनी सांगितलंय, मागे आपलं कोणी राहता कामा नये."

"अरे, पण या आपल्या नाहीत!"

दादाने डोळे बारीक करून बाईंकडे पाहिलं. अगदी जवळ जाऊन पाहिलं. "अरेच्चा," तो म्हणाला. "माफ करा हं बाई."

ती मटकन पायरीवर बसली. रडायचं की त्याला बडवायचं हे तिचं ठरेना. "चष्मा कुठाय तुझा?"

"धबधब्यात. वाकलो, तर निसटला. म्हणून तर विचारलं तुला, किती खोल असेल."

"मग सांगितलं का नाहीस तेव्हा?"

दादाने दुर्बिणींच्या बाजूला, म्हणजे साधारण एका झाडाकडे, पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जावईबापूंनी परवाच स्क्रू कसून दिला होता गं. म्हणाले होते, आता भूकंप झाला तरी हलणार नाही. त्यांना वाईट वाटलं असतं."

सगळे दुर्बिणींकडे बघायला लागले. दुर्बिणींनी घसा साफ केला.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते म्हणाले, "यात घरातल्याच माणसाचा हात आहे."

मग त्यांनी मास्तरला फोन लावून प्रकरण सुटल्याचं कळवलं आणि तपासाची पद्धत सांगायला लागले. पलीकडून फोन बंद झाल्यावरही ते बराच वेळ सांगत होते.

बाईंचा मुलगा खालून छत्री घेऊन आला आणि त्या त्याचा हात धरून निघाल्या. दादा त्या गेल्या त्या बाजूला बघत राहिला.

"गुडघे दुखत होते त्यांचे," तो म्हणाला. "दोन पायऱ्या झाल्या की थांबायच्या. तुझी वहिनीही अशीच उतरायची. पुढे गेलो की चिडायची. म्हणून मी मागे चालायचो. सवय झाली." जरा थांबून म्हणाला, "आज चांगलं चालणं झालं. बऱ्याच दिवसांनी."

वहिनी गेल्यापासून तो एका दमात एवढं बोलला नव्हता.  खालून बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.

"चला, चला!" दुर्बीण लंगडत पुढे निघाले. "सगळे माझी वाट बघतायत!"

ती उठली, दादाच्या पुढे झाली. दोन पायऱ्या धडाधड उतरली. मग थांबली आणि गुडघ्यावर हात ठेवला. तिचे गुडघे ठणठणीत होते.

खालच्या वळणावरून दुर्बिणींनी डोळ्यांना दुर्बीण लावली. "ही लंगडतेय!" ते ओरडले. "यात काहीतरी बनाव आहे!"

आयुष्यातला त्यांचा पहिला बरोबर तर्क वाऱ्यावर गेला. तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

"तुझेही गेले का गं गुडघे?" मागून दादाने विचारलं.

"हो रे. आताशा दुखतात."

"मग सावकाश उतर," दादा म्हणाला. "मी आहे मागे."