मोठेबाबा मॅनेजर शोधतात

आमचे मोठेबाबा तुरीच्या धुऱ्यावर उभे राहतात आणि समोर चिटपाखरू नसताना मोठ्यानं विचारतात, "दोन शेंगा घेऊ का?" मग थोडं थांबतात. कुणी नाही म्हणत नाही. मगच तोडतात. दोन म्हणजे दोनच. तिसरीसाठी पुन्हा विचारावं लागतं.

शेत आमचंच आहे. म्हणजे सावनेरजवळचं आठ एकर, मक्त्यानं घेतलेलं, पण कागद माझ्या नावानं केलेला. हे त्यांना मी कितीदा सांगितलं. "हो ना," म्हणतात, "पण विचारलेलं बरं असते."

माझे वडील धाकटे, हे थोरले. दोघंही जन्मभर दुसऱ्याकडे सालदार. वर्षाच्या बोलीवर राबायचं. अक्षय तृतीयेला साल सुरू, पुढच्या अक्षय तृतीयेला संपलं. मालकानं पुन्हा ठेवलं तर ठीक, नाही तर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन दुसरं गाव. माझ्या तीन शाळा त्यातच बदलल्या. तरी मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पदवीच्या कागदावर नाव आलेली पहिली मीच, आणि हे सांगायला मी लाजत नाही. आता शहरात, धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या ऑफिसात आहे. वडील गेले, मोठीआई गेली, मोठेबाबा गावात एकटे उरले, तेव्हा मी हा मक्ता घेतला आणि ते शेतावरच्या झोपडीत राहायला आले. त्याला आता दोन वर्षं झाली.

शेतीतलं त्यांना सगळं येतं. फक्त कुणाला काम सांगता येत नाही. निंदायला चार बाया आल्या की हे पाचवे होऊन निंदत बसतात. ठिबकवाला आठ दिवस उशिरा आला तर त्यालाच चहा पाजतात. मी येणार फक्त रविवारी. म्हणून ठरवलं, मॅनेजर ठेवायचा. मोठेबाबा म्हणाले, "पाहू ना, घाई काय हाय." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मोठीआईला बघायला गेले तेव्हाही हेच म्हणाले होते म्हणे.

पहिला आला तो डिप्लोमावाला, काळा चष्मा लावून. त्यानं खतांची नावं धडाधडा सांगितली. मोठेबाबांनी एकच विचारलं: कामावरच्या बायांचे डबे कुठं ठेवता? तो म्हणाला, ते त्यांचं त्या बघतील. तो गेल्यावर निकाल लागला. "ज्याले डबा झाडाले टांगा लागते हे माहीत नाही, कुत्रं घेऊन पळालं तर तो चार माणसं उपाशी ठेवीन."

दुसरा संत्र्याच्या मोठ्या बागेतून आलेला, मुरलेला. डबे झाडाला टांगले, मुंग्या लागू नयेत म्हणून दोरीला राख चोळली. मला वाटलं, जमलं. पण जाताना त्यानं हात जोडून "येतो मालक" म्हटलं आणि तिथंच फसला.

"काहून? चांगला तर होता," मी म्हटलं.

"मालक म्हणते मले. मीबी तीस वर्षं मालक म्हणलो. मनात काय म्हणत होतो, ते मले मालूम हाय."

तिसरा वासुदेव, पाटणसावंगीकडचा. डबे टांगले, मोठेबाबांना भाऊ म्हणाला, मोबाईलवर पीकपेरा भरून दाखवला, आणि फोनवरून ठिबकवाल्याला असं झापलं की तो दुपारच्या आत हजर. मोठेबाबांनी दिवसभर खोट शोधली. सापडली नाही. संध्याकाळी मला फोनवर म्हणाले, "ठेव त्याले." या वेळी घाई काय हाय, हे म्हणाले नाहीत.

अक्षय तृतीयेला रजा काढून मी शेतावर गेले. त्याच दिवशी सावनेरला मक्त्याचा नवा कागदही करायचा होता. झोपडीसमोर पोतं अंथरलेलं. त्यावर विळे, फावडी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, सगळं घासूनपुसून ओळीनं मांडलेलं. वासुदेव गोंधळून उभा. मोठेबाबा धुतलेलं धोतर नेसून बाजूला. घोंगडं गाठोड्यात बांधलेलं.

"पाहून घे वं," म्हणाले. "एक विळा कमी हाय. तो पऱ्हाटी उपटताना मोडला."

मला समजायला वेळ लागला. साल संपलं की सालदार असंच सामान मोजून देतो, मागून चोरीचा आळ येऊ नये म्हणून. माझ्या वडिलांना असं देताना मी पाहिलं होतं. दोन वर्षं हा माणूस माझ्याकडे सालदारकी करत होता.

"तुम्हाला कोणी काढलं, मोठेबाबा?"

"काढा लागत नाही, पोरी. नवा गडी आला का जुन्यानं समजून घ्यावं." मग गाठोड्याकडे बघत म्हणाले, "कधीमधी पाहाले आलो तर चालते ना? बसाले नाही. पाहाले."

माझं बी.कॉम. तिथं काही कामाचं नव्हतं. मी खाली बसून गाठोड्याची गाठ सोडली, घोंगडं झोपडीतल्या खाटेवर टाकलं आणि दोघांनाही सावनेरला घेऊन गेले.

कागदावर सही कुठं करायची ते मोठेबाबांना दाखवावं लागलं. मक्ता घेणाऱ्याच्या जागेवर बोट ठेवलं तर म्हणाले, इथं तू कर. मी नाही म्हटलं. त्यांनी पेन धोतराला पुसला आणि एकेक अक्षर सावकाश काढलं. साक्षीदार म्हणून वासुदेवनं सही केली.

वासुदेवभाऊ आता आमचे मॅनेजर आहेत. आणि सावनेरजवळच्या आठ एकराचा मक्ता श्रावण लहानू वाघाडे यांच्या नावानं आहे.