देसले सर जीपमध्ये बसत नाहीत

मुरबाडच्या स्टँडवर भर उन्हात, समोर जीपवाले कल्याण कल्याण ओरडत असताना एसटीसाठी ताटकळत उभा असलेला गृहस्थ दिसला, की ते आमचे मुख्याध्यापक देसले सर समजावेत. मी त्यांच्या शाळेत गणित शिकवतो. त्यांच्यापायी माझ्याही कित्येक संध्याकाळी त्या स्टँडवर वाया गेल्या आहेत.

"सर, जीप आहे की."

"एसटीत तिकीट मिळतं," सर म्हणत. "तिकीट घेतलं की कुणाचे उपकार नाहीत."

तिकिटं ते खिशात साठवत. वहिनी शर्ट धुवायच्या तेव्हा खिशातून नुसता लगदा निघायचा.

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो. कसा लागतो ते सांगायला लाज वाटते. कच्च्या मुलांना आधीच सांगतात, शाळेकडून नको, बाहेरून फॉर्म भर. यंदा दिवाळीनंतर संस्थेचे अध्यक्ष ऑफिसात येऊन बसले. पाळी होती सिद्धगडाकडच्या एका वाडीवरच्या सुगंधाची. गणितात तिची बोंबच होती.

"तेवढी पोरगी काढा, सर."

इतकी वर्षं यावर मान डोलावणारे सर म्हणाले, "नाय. ती आपल्याच शाळेतून बसेल."

"मग खुर्चीचाही विचार करा."

"केलाय."

अध्यक्ष उठून गेले. मी सरांना पाणी दिलं.

"जीपवाला गुरुनाथ आपलाच विद्यार्थी," ते म्हणाले. "त्यालाही मी बाहेरून बस म्हटलं होतं. तो बसलाच नाय. पुढे एकदा त्याच्या जीपने गेलो. उतरताना पैसे काढले, तर म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या सर. तुमी शिकवलंत आमाला.'"

सरांनी ग्लास खाली ठेवला. "शिव्या घातल्या असत्या ना, तर रोज त्याच्याच जीपने गेलो असतो."

परीक्षेपर्यंत सुगंधाला आम्ही दोघांनी शिकवलं. पोरगी जीव तोडून अभ्यास करायची. तरी गणितात राहिली. निकालाच्या दिवशीच अध्यक्षांनी सरांना चार्ज सोडायला सांगितलं.

संध्याकाळी स्टँडवर एसटी लागलेली होती. सर तिच्यासमोरून चालत गेले आणि जीपमध्ये गुरुनाथच्या शेजारच्या सीटवर बसले. मी मागे बसलो.

गुरुनाथ गोंधळला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "सर, औंदा पण शंभर टक्के ना?"

"नाय रे," सर म्हणाले. "एक पोरगी राहिली. पण परीक्षेला बसली."